कर्लिंग आयर्नचे कर्ल तासाभरात सुटतात

प्रश्न: केस सरळ, पातळ. रॉड २५ मिमी, तापमान १८०°. काय चुकतंय?

उत्तर १: बट गरम असतानाच मोकळी सोडताय बहुतेक. आकार पक्का होतो तो केस गार होताना. रॉडवरून काढलेली गुंडाळी तशीच डोक्याशी क्लिपने अडकवा, पूर्ण गार झाल्यावरच सोडा. बट दोन सेंमीपेक्षा रुंद नको. ८-१० सेकंद पुरे.

उत्तर २: १८०° पातळ केसांना जास्तच! १५०° वर आणा आणि रॉड १९ मिमीचा घ्या. केस ठणठणीत कोरडे हवेत. चर्र आवाज आला तर आतलं पाणी उकळतंय, केस तिथेच तुटू शकतात.

उत्तर ३: हीट प्रोटेक्टंट (उष्णतेपासून केस वाचवणारा स्प्रे किंवा क्रीम) आधी, हेअरस्प्रे नंतर. उलट केलंत तर रॉडवर चिकट थर बसतो. आणि कंगवा नको, बोटांनीच मोकळे करा.