गोळी न घेता रात्रीची झोप कशी सुधारावी?

प्रश्न
माझे वय ५४ आहे. रात्री दहाला अंथरुणावर पडूनही एक वाजेपर्यंत डोळा लागत नाही. त्यामुळे उठायला आठ वाजतात, दुपारी जेवणानंतर तासभर वामकुक्षी होते आणि सहाच्या चहाशिवाय संध्याकाळ सरत नाही. जायफळ घातलेले दूध आणि काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळणे, हे दोन्ही करून पाहिले. चार दिवस बरे वाटले, पुढे पुन्हा तेच. गोळी सुरू करण्याची इच्छा नाही.

प्रतिसाद १
जितके तास जागे राहावे तितकी झोपेची ओढ वाढते. आठला उठून दुपारी तासभर झोपलेल्या माणसाने दहाला झोपेची अपेक्षा धरणे मला अवाजवी वाटते. रात्र कशीही गेली तरी, अगदी रविवारीही, सहालाच उठावे आणि अर्धा तास उघड्यावर फिरावे, कारण डोळ्यांत जाणारा सकाळचा उजेडच मेंदूतले घड्याळ जुळवतो. डोळे जड झाल्याशिवाय आडवे होऊ नये, आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्याखाली काहीतरी कंटाळवाणे करावे. (मी जुन्या पासबुकांतले हिशेब तपासत असे.) अंथरुणात पडून कूस बदलत राहण्याची सवय मोडायला मला तीन आठवडे लागले, आणि त्यातला पहिला फार वाईट गेला.

प्रतिसाद २
चहाकडे दुर्लक्ष करू नका. त्यातले निम्मे कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच-सहा तास लागतात, म्हणजे सहाच्या कपातले निम्मे अकरा-बारापर्यंत तुमच्यासोबत जागेच असते. जायफळ चिमूटभरच असू द्या. जास्त झाल्यास धडधड आणि भ्रम होतो. दूध मात्र जरूर घ्या, चरकसंहितेने तर झोप आणणाऱ्या पदार्थांत म्हशीच्या दुधाला अग्रस्थान दिले आहे. झोपण्यापूर्वी तास-दीड तास गरम पाण्याने अंघोळ केल्यास त्वचेकडे रक्त वळून आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीर थंडावू लागले की झोप सोपी होते.

प्रतिसाद ३
तुम्ही मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे घरच्यांना विचारा. तसे असल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्नकर्ता
घोरण्याची तक्रार घरातून आलेली नाही. चहा तीनच्या आत आणतो. वामकुक्षी वीस मिनिटांची ठेवली तर चालेल का?

प्रतिसाद १
चालेल, पण तीनच्या आत, गजर लावून, आणि शक्यतो आरामखुर्चीत.