मडमधले नॅनोकण

कुलकर्णी ताई (बी-302): सर्वांना नमस्कार. माझ्या भाचीने पेट्रोलियम इंजिनिअरिंगच्या सेमिनारसाठी खोल तेलविहिरींच्या ड्रिलिंग मडमध्ये (विहीर खोदताना आत सोडल्या जाणाऱ्या गाळात) नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, वापरण्याचा विषय घेतला आहे. साठे काका, आपण मुंबई हायवर आणि कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मड केमिस्ट म्हणून काम केले आहे. या कणांनी नेमके काय साधते, ते सवडीने लिहावे, ही विनंती.

साठे (ए-104): ताई, बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) आणि बराइट (वजनदार खनिजाची पूड) पाण्यात कालवलेला हा गाळ बिट, म्हणजे खडक फोडणारे टोक, थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि स्वतःच्या वजनाने खालचा दाब थोपवतो. विहिरीच्या भिंतीवर त्याचा जो पातळ थर बसतो, त्याला आम्ही केक म्हणतो. वालुकाश्मावर तो सहज बसतो, पण शेलमध्ये, म्हणजे चिकणमातीच्या थरांच्या खडकात, सगळे घोडे अडते, कारण शेलची छिद्रे बहुतेक काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर एवढीच असतात आणि बराइट मात्र 75 मायक्रॉनच्या, म्हणजे 75,000 नॅनोमीटरच्या चाळणीतून गेले की चालते. एवढे मोठे कण त्या छिद्रांत शिरून बूच बसवू शकत नाहीत. पाणी तेवढे आत झिरपते, चिकणमाती फुगते, भिंत ढासळते आणि पाइप अडकतो. छिद्राच्या मापाचे सिलिकाचे (वाळूतल्या द्रव्याचे) नॅनोकण मडमध्ये असले, तर ते तोंडाशीच अडकून पाणी अडवतात.

देशपांडे (सी-201): मग हे कण सर्रास का वापरत नाहीत? आणि आपल्या बोअरवेललाही ते उपयोगी पडतील का?

साठे (ए-104): बोअरवेलला मडच लागत नाही, कारण आपल्या काळ्या कातळात हातोडा हवेच्या दाबावर चालतो आणि भुकटीही हवाच वर आणते. परवा गाड्यांवर बसलेली राखाडी धूळ तीच.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिठात आहे. हे कण समान विद्युतभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात, पण खारट पाण्यात तो भार झाकला जातो आणि गुठळ्या होतात. गंमत अशी की, शेल फुगू नये म्हणून आम्ही मडमध्ये पोटॅशियम क्लोराइड घालतो, आणि तेच या कणांच्या मुळावर येते. गुठळी झालेला नॅनोकण म्हणजे महागडी रेतीच. म्हणून कणांवर रासायनिक लेप द्यावा लागतो, आणि 150 अंश सेल्सिअसपुढच्या विहिरीत तो लेपही टिकावा लागतो.

भाचीला सांगा, की नुसत्या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या तापमानावरचे आकडे देणारे निबंध तिने बाजूला ठेवावेत. मड रोलर ओव्हनमध्ये 16 तास तापवून फिरवल्यानंतर गाळणीच्या उपकरणात 500 पीएसआय (दाबाचे एकक) दाबफरकाने अर्ध्या तासात किती पाणी गाळले गेले, ते पाहावे. त्या उपकरणात गाळणीचे क्षेत्र नेहमीच्या कमी दाबाच्या उपकरणाच्या निम्मे असल्याने आकडा दुप्पट करून लिहितात. विद्यार्थी इथेच हमखास चुकतात. मग केक बोटाने दाबून पाहावा. तो साईसारखा पातळ आणि चिवट असला, तरच त्या नॅनोकणांबद्दल पुढे बोलण्यात अर्थ आहे.