यवतेश्वर घाट उतरताना नडगी दुखते. पळत राहू की थांबू?

घाटवाट_सातारा:
नमस्कार. मी साताऱ्यात राहते, वय ३८, शाळेत शिकवते. दीड वर्षापासून पळतेय. गेल्या वर्षी हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलं होतं, पण सासूबाईंचं ऑपरेशन निघालं आणि राहून गेलं. यंदा पळायचंच आहे, नऊ आठवडे उरलेत.

मे महिन्यात आठवड्याला २२ किमी होत होते. जूनमध्ये तीन आठवड्यांत ते ४० वर नेले. शनिवारी समर्थ मंदिरापासून यवतेश्वर घाट चढून उतरते. आता उजव्या नडगीत आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर दुखतं. सुरुवातीला पहिले दोन किमी दुखायचं आणि अंग गरम झालं की थांबायचं. आता पळून झाल्यावरही दुखतं, शाळेचा जिना उतरताना सणक येते. रविवारी रात्री दुखण्याने जाग आली.

एक्स-रे काढला. हाडाला काही झालेलं नाही, क्रेप बँडेज बांधा आणि गोळ्या घ्या असं सांगितलं. सोबत पळणाऱ्या एकीचं म्हणणं, शनिवारी सकाळी गोळी घेऊन घाट कर, शिन स्प्लिंट (पळून पळून नडगी दुखणं) सगळ्यांनाच होतं. बूट पहिल्यापासून तेच आहेत. काय करू?

टेकडीवरचा_काका (पुणे):
ताई, रात्री जाग आली हे तुम्ही शेवटी लिहिलंत. मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं.

मी ५७ वर्षांचा, वेताळ टेकडीवर पळतो. मुंबई मॅरेथॉनच्या दीड महिना आधी मला अगदी असंच झालं होतं. माझाही एक्स-रे स्वच्छ होता. नाव नोंदवलेलं, वर्षभर घाम गाळलेला, थांबायला मन तयार होईना. गोळी घेऊन उभा राहिलो. वांद्र्याहून परत फिरलो तोवर निभावलं, माहीमला पाय टेकवेना. हाडाला चीर गेली होती. आधी थांबलो असतो तर दीड महिन्यात सुटलो असतो, त्याऐवजी सात महिने गेले, त्यातला बराच काळ कुबड्यांवर. बायकोने पाण्याची बादली उचलायची आणि मी खुर्चीत बसून बघायचं, हे दिवस मी विसरलेलो नाही.

आत्ता एक करा. अंगठ्याने नडगीची आतली कड खालून वर दाबत जा. वीतभर सगळीकडे दुखतंय की एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागीच जीव जातोय, ते इथे लिहा. आणि गोळी घेऊन पळू नका. दुखणं झाकलं जातंच, शिवाय घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो.

तळजाई_रनर:
मलाही नडगीला दुखायचं. बूट बदलले, आठवड्यात बरं वाटलं. जास्त घाबरू नका.

घाटवाट_सातारा:
काका, दाबून बघितलं. एकाच जागी दुखतंय. बोट ठेवलं तरी डोळ्यांत पाणी येतं.

पायवाट_फिजिओ (कोल्हापूर):
मग पळणं आजपासून बंद. शनिवारचा घाटही नाही. तळजाईकरांचं दुखणं पसरट असणार, त्यात बूट बदलून आणि थोडं कमी पळून बरं वाटू शकतं. एका बिंदूत दुखणं आणि रात्रीचा ठणका असेल तर हाडाचा ताण आहे असंच धरून चालायचं. ही चीर एक्स-रेत सुरुवातीचे दोन-तीन आठवडे बहुधा दिसतच नाही. एमआरआय करून घ्या, आणि खेळाडूंची दुखणी बघणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.

जूनमध्येच का झालं, तेही सांगते. हाडावर भार वाढला की शरीर आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. पोखरणं लवकर होतं, भरायला महिने लागतात. दम आणि स्नायू तीन आठवड्यांत तयार झाल्यासारखे वाटतात, पण हाड नेमकं तेव्हाच कच्चं असतं. तुम्ही याच काळात अंतर जवळजवळ दुप्पट केलंत आणि वर घाटाचा उतार. उतारावर टाच आपटते, पावलं लांब पडतात.

ताई, दोन गोष्टी मोकळेपणाने विचारते. पाळी नियमित आहे का? आणि पहाटे पळून आल्यावर काही खाता, की चहा घेऊन थेट शाळा? पोटात कमी पडलं तर हाड भरून येत नाही. आपल्या बायकांचं हे फार दुर्लक्षित राहतं. ड जीवनसत्त्वही तपासा.

घाटवाट_सातारा (तीन आठवड्यांनी):
एमआरआय झाला. हाडाच्या आत सूज आहे, चीर अजून गेलेली नाही. डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेवर आलात. सहा आठवडे पळणं बंद, चालताना दुखलं नाही तर चालायचं, पोहायला हरकत नाही. ड जीवनसत्त्व ११ निघालं, म्हणजे बरंच कमी. आणि हो, चहा घेऊन थेट शाळाच होती. आता डब्यात दोन अंडी आणि शेंगदाण्याचा लाडू असतो. यंदाची स्पर्धा गेली. रिपोर्ट घेऊन बाहेर पडल्यावर गाडीत बसून रडले, पण काका, तुमची बादली आठवली.

घाट परत कधी करू?

पायवाट_फिजिओ:
आधी अर्धा तास भरभर चाला, दुसऱ्या दिवशीही दुखता कामा नये. मग सपाटीवर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, एक दिवसाआड. सोबत पोटरीचा व्यायाम सुरू करा: पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही. वाकवून केला की खोलवरचा स्नायू कामाला लागतो, नडगीचा भार तोच झेलतो. पावलं आखूड आणि भरभर टाकायची सवय लावा. नवे बूट घ्याच.

उतार सगळ्यात शेवटी. सुरुवातीचे काही शनिवार घाट पळत चढा आणि खाली बामणोलीकडून येणाऱ्या एसटीने या.

टेकडीवरचा_काका (पुणे):
सुट्टे पैसे बरोबर ठेवा, ताई. आणि पुढच्या वर्षीच्या नावनोंदणीची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा, मीही येतोय.