निराधार अनुदानासाठी २१ हजारांची उत्पन्नाची अट ठेवावी का?

वैशाली_मराठवाडा

संजय गांधी निराधार (विधवा, दिव्यांग वगैरेंसाठीची) आणि श्रावणबाळ (६५ च्या पुढच्या म्हाताऱ्यांसाठीची) या दोन योजनांचे अर्ज भरायला मी गावातल्या बायकांबरोबर तहसीलला जाते. तिथं दर वेळी एकाच जागी गाडं अडतं, म्हणून हा विषय काढतेय. माझं मत आधीच सांगते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं ही अट काढून मर्यादा १ लाख करावी. ज्याच्याकडे पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आहे त्याला उत्पन्नाचा दाखला मागूच नये.

हिशोब करून बघा. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०, आणि ते एका माणसाचे नाहीत, अख्ख्या घराचे. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर रोजी ३१२ रुपये. घरातलं एक माणूस वर्षात ६८ दिवस कामावर गेलं की २१,२१६ झाले, घर मर्यादेबाहेर. सरकारनेच दिलेलं काम केलं म्हणून सरकारच्याच अनुदानाला मुकायचं!

मग होतं काय ते परवा सेतू केंद्रात पुन्हा बघितलं. माझ्याबरोबर एक विधवा बाई होत्या. ऑपरेटरने विचारलं, "मावशी, वर्षाचं उत्पन्न किती?" त्या कापूस वेचायला, खुरपायला जातात. बोटांवर मोजून म्हणाल्या, "चाळीसेक हजार होत असतील बाबा." त्याने कीबोर्डवरचा हात काढला. "असं सांगू नका, फॉर्म उडेल." आणि स्वतःच वीस हजार टाकले. स्वयंघोषणापत्राच्या शेवटी छापलेलं असतं की माहिती खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. त्याच्याखाली बाईंचा अंगठा. खरं बोलायला निघालेल्या बाईकडून आपण खोट्या कागदावर अंगठा घेतो, याचा मला फार त्रास होतो.

लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली तेव्हा मर्यादा अडीच लाख ठेवली. पिवळं-केशरी कार्ड असेल तर दाखल्याचीही गरज नाही असं ठरलं. रक्कम दोन्हीकडे तीच, महिन्याला १,५००. त्या योजनेला माझा विरोध नाही. पण जो नियम तिथं चालतो तो निराधाराला का चालू नये?

निवृत्त_महसूल

वैशालीताई, तुमची तळमळ समजते. पण टेबलाच्या पलीकडे नोकरी काढली आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

केशरी कार्ड १ लाखापर्यंतच्या उत्पन्नाला मिळतं, आणि गावात ते कोणाकडे नसतं? बागाईतदारांच्या घरीसुद्धा निघेल. उद्या तेच पात्रतेचा पुरावा धरलंत तर अर्ज अनेक पटींनी येतील. अनुदानाची तरतूद त्या पटीत वाढणार आहे का? नाही. मग पैसे येतील ते तीन-तीन महिने रखडून, आणि ज्या म्हातारीच्या चुलीला खरोखरच त्या पैशांचा आधार आहे तीच उपाशी राहील. मर्यादा कमी आहे हे कबूल. पण कमी मर्यादेमुळेच रांग आटोक्यात राहते.

दुसरं, माणसं दाखला वाकवतात तसं कार्डही वाकवतात. मुलगा नोकरीला लागला की आईचं नाव वेगळ्या कार्डावर काढायचं, चूल मात्र एकच. चौकशीला तलाठी गेला की आई पडवीत बसलेली आणि सांगतात, ती वेगळी राहते. असे अर्ज मी समितीपुढे ठेवलेत. त्यांना आळा कसा घालणार?

शिवाय तुम्ही म्हणता त्या विधवा बाई २१ ते ६५ वयातल्या असतील तर त्यांना लाडकी बहीण आहेच. रक्कम सारखीच. मग खोटं प्रतिज्ञापत्र करायची गरजच काय?

अनिकेत_एकपाय

दोघांचंही पटलं नाही. लाडकी बहीण आहे ना, म्हणताय. मी पुरुष आहे, माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही, प्रमाणपत्रावर ४० टक्क्यांच्या वर अपंगत्व आहे. मला कुठली बहीण योजना?

दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे. पण तीसुद्धा कुटुंबाची. माझा भाऊ कंपनीत कामाला आहे आणि आम्ही एका घरात राहतो, म्हणून माझं उत्पन्न शून्य असूनही मी अपात्र. भावाचा पगार माझ्या खिशात येत नाही. जयपूर फूटचा पट्टा तुटला तरी मला वहिनीसमोर हात पसरावा लागतो. तो वेगळा निघाला तर मी पात्र होईन! घर फोडा आणि पैसे घ्या, हा या अटीचा अर्थ.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिलं आहे की दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. महाराष्ट्रात कित्येक वर्षं आम्हाला बाकीच्यांइतकेच मिळत होते. जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीला बच्चू कडू उपोषणाला बसले, मागणी ६,००० ची होती. सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांचे १,५०० चे २,५०० केले. चांगलं झालं, पण आंध्र प्रदेशात जुलै २०२४ पासून ६,००० देतात. वैशालीताई, मर्यादा १ लाख करा म्हणू नका. दिव्यांगांना कुटुंबाच्या उत्पन्नाची अटच नको म्हणा.

करदाता_पिंपरी

माझं मत कोणाला आवडणार नाही, तरी लिहितो. लाडक्या बहिणीसाठी वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असं योजना जाहीर करतानाच सांगितलं होतं. त्यावर आता निराधारची मर्यादा वाढवा, दिव्यांगांची अट काढा, रक्कम ६,००० करा. पैसा कर्जातूनच येणार आणि ते आपली मुलं फेडणार.

अनिकेत, तुमच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण तुम्हाला २,५०० रुपये मिळण्यापेक्षा नोकरी मिळणं जास्त गरजेचं नाही का? त्याच कायद्यात सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. ती पदं भरा असा धोशा लावायला हवा. अनुदान वाढलं की सरकारला वाटतं जबाबदारी संपली.

अनिकेत_एकपाय

दादा, नोकरी मिळाली तर उद्या सकाळी अनुदान सोडतो, लेखी देतो. पण ती पदं भरेपर्यंत खायचं काय? आणि ज्याला अंथरुणातून उठता येत नाही, ज्या आईबापाचं मूल बौद्धिक अक्षम आहे, त्यांना कुठल्या परीक्षेला बसवणार? नोकरीचा मुद्दा खरा आहे, पण तो पेन्शन न देण्याचं कारण होऊ शकत नाही.

शिक्षक_२००८

पैसा नाही म्हणता, मग सरकारी कर्मचाऱ्यांसाठी कुठून आला? युनिफाइड पेन्शनमध्ये १० वर्षं सेवा झाली की किमान १०,००० आणि निराधाराला १,५००, असा प्रश्न मला बरेच जण विचारतात. म्हणून आधीच सांगतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आमच्यासारख्यांना जुनी पेन्शन नाही. पगारातून दरमहा १० टक्के कापले जातात. मार्च २०२३ च्या संपानंतर शासनाने एक चांगली गोष्ट केली. सेवेत असताना मृत्यू झाला तर कुटुंब निवृत्तिवेतन, आणि आजारपणाने नोकरी सोडावी लागली तर रुग्णता निवृत्तिवेतन मिळू लागलं. त्याआधी अपघातात गेलेल्या सहकाऱ्यांच्या घरची परवड आम्ही पाहिली आहे.

दोन गरजूंना एकमेकांसमोर उभं करू नका एवढंच म्हणणं. वैशालीताईंच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा.

उसाचा_पट्टा

मध्येच एक विचारतो. वडील साखर कारखान्यात होते. पीएफ खात्याच्या ईपीएस-९५ योजनेची पेन्शन १,४०० च्या आसपास येते. वय ६७. श्रावणबाळ मिळेल का? कोणी धड सांगत नाही. आणि माझा एक मित्र कारखान्यात अपघातात दोन्ही हात गमावून बसला, नोकरीला चारच वर्षं झाली होती. दहा वर्षं झाल्याशिवाय पेन्शन नाही म्हणून त्याला परत पाठवलं.

निवृत्त_महसूल

मित्राचं आधी सांगतो, कारण तिथं फार मोठं नुकसान होतंय. दहा वर्षांची अट वयोमानाच्या पेन्शनला आहे. नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर ईपीएसमध्ये एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पेन्शन बसते. वैद्यकीय मंडळाची तपासणी होईल. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी "नाही" ऐकून परत येऊ नका.

वडिलांचं वय बसतं, श्रावणबाळला ६५ पूर्ण लागतात. पण आमच्या कार्यालयात पेन्शनची रक्कम उत्पन्नात धरत असू. १,४०० गुणिले १२, म्हणजे १६,८००. ते आत बसतं. प्रश्न तुमच्या कमाईचा आहे. तुम्ही एकत्र असाल तर ती मिळवली जाईल.

उसाचा_पट्टा

एकत्रच राहतो काका. मी ट्रॅक्टरवर आहे. म्हणजे नाहीच. ईपीएसची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० वरच थांबली आहे, श्रावणबाळ बसत नाही, आणि बापाच्या बीपी-शुगरच्या गोळ्या तर चालूच ठेवाव्या लागतात.

वैशाली_मराठवाडा

काका, हेच उदाहरण घ्या. तुम्ही म्हणालात विधवेला लाडकी बहीण आहे. पण ६५ झाली की ती बाई तिथून बाहेर पडते आणि श्रावणबाळच्या दारात येते. तिथं पुन्हा २१ हजार. काल अडीच लाखांच्या आत म्हणून पात्र होती, वय वाढलं म्हणून गरिबी कमी झाली का? आणि या भाऊंच्या वडिलांना तर तेवढाही आडोसा नाही.

रांग आटोक्यात राहते म्हणता, ते मला मान्य नाही. रांगेत उभी आहेत ती खोटा आकडा लिहायला तयार झालेली किंवा कोणाच्या तरी ओळखीने आलेली माणसं. जी बाई "चाळीस हजार" म्हणते आणि ऑपरेटरने सांगूनही आकडा बदलत नाही, तीच फक्त बाहेर राहते. चाळणी बरोबर उलटी लागली आहे.

बागाईतदाराच्या केशरी कार्डाचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी धरते. लाडक्या बहिणीला आयकर भरणारे आणि चारचाकीवाले वगळले आहेत. तेच इथंही वगळा. सातबारा ऑनलाइन आहे, तहसीलदारांना बागाईत किती ते बसल्या जागी दिसतं. गरीब माणसाने आपण गरीब असल्याचं दर वर्षी सिद्ध करण्यापेक्षा सरकारने कोण श्रीमंत आहे ते शोधावं.

निवृत्त_महसूल

सातबारा आणि वाहन तपासायचं असेल तर माझा विरोध पुष्कळ कमी होतो. पण मर्यादा एकदम १ लाख करू नका. आधी ५०,००० करा, वर्षभरात अर्ज किती वाढले ते पाहा, मग पुढे जा. आणि वाढीव तरतूद झाल्याशिवाय एकही नवा अर्ज मंजूर करू नये यावर मी ठाम आहे. खात्यात पैसे न आल्यामुळे कार्यालयाच्या पायरीवर बसलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना "पुढच्या आठवड्यात या" हे मीच सांगायचो.

करदाता_पिंपरी

आयकर आणि गाडीवाले वगळून, आधीच्या बोगस लाभार्थ्यांची छाननी करून जे वाचेल त्यातून वाढवा. एवढ्याला माझी हरकत नाही. कर्ज काढून नको.

वैशाली_मराठवाडा

५०,००० वर थांबले तर रोजगार हमीला शंभर दिवस जाणारं एक माणूस (३१,२००) आत बसेल, नवरा-बायको दोघं गेली तर पुन्हा बाहेर. म्हणून मी १ लाखावर अडून राहणार. सामाजिक न्याय विभागाला आणि आमच्या आमदारांना निवेदन लिहायला घेतलंय. श्रावणबाळला मुलाची कमाई आई-बापाच्या उत्पन्नात धरू नये, हेही त्यात घालते. काका, तरतुदीचा मुद्दा तुमच्या शब्दांत लिहून द्याल का? ऑफिसची भाषा तुम्हाला जमते.

निवृत्त_महसूल

देतो. आकड्याबद्दलचं माझं वेगळं मत मात्र त्यात राहील.

अनिकेत_एकपाय

माझीही सही धरा. फक्त दिव्यांगांचा मुद्दा वेगळ्या परिच्छेदात लिहा, कलम २४ च्या उल्लेखासह. आणि त्यात "कुटुंबाचे उत्पन्न" नको, "अर्जदाराचे स्वतःचे उत्पन्न" असं लिहा. ते नसेल तर मी सही करणार नाही.