वेंबनाड ते अष्टमुडी : साध्या प्रवासी बोटींनी बारा दिवस (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

येत्या जानेवारीत आई (वय 71) आणि मी केरळमधील कोची ते कोल्लम हा पट्टा बारा दिवसांत सावकाश फिरणार आहोत. गाडी न ठरवता शक्य तेथे राज्य जलवाहतूक विभागाच्या नेहमीच्या बोटींनी जायचे, असा बेत आहे. चार वर्षांपूर्वी अलेप्पीला आम्ही हाउसबोट घेतली होती. संध्याकाळी ती काठाला लागली ती सकाळपर्यंत हललीच नाही, आणि शेजारच्या बोटींच्या जनरेटरच्या घरघरीने आईला डोळा लागू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून गावकऱ्यांच्या बोटीत तासभर बसलो. बांधापलीकडची भातशेती आपल्या बोटीपेक्षा खाली कशी, हे कोडे आईला तेव्हा पडले आणि त्यावर ती अजून बोलते.

जाताना पनवेलहून नेत्रावती एक्सप्रेसने एर्नाकुलम आणि तीन रात्री फोर्ट कोची, एवढे पक्के आहे. तेथून बसने वैकम. महादेवाचे दर्शन आईला घ्यायचे आहे. वैकमहून तवनक्कडवूला जाणारी सौरऊर्जेवरची बोट (2017 पासून चालते, देशातली अशी पहिली) धरून पलीकडे उतरायचे, मुहम्मा गाठायचे आणि तेथून पुन्हा बोटीने वेंबनाड तलाव ओलांडून कुमरकोमला तीन रात्री राहायचे. नकाशावर ही वाट उगाच नागमोडी वाटेल, कारण वैकम आणि कुमरकोम दोन्ही तलावाच्या एकाच काठावर आहेत. पण आम्हाला पोहोचण्यापेक्षा पाण्यावर असण्यातच रस आहे. पुढे कोट्टयमहून बोटीने अलेप्पी, मग रेल्वेने कोल्लम.

खरी अडचण कुमरकोम ते अलेप्पी या टप्प्याची आहे. खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून वेंबनाडवरील तण्णीरमुक्कम बंधाऱ्याचे दरवाजे हिवाळ्यात बंद असतात, आणि खारेपणा उतरला की दक्षिणेकडच्या पाण्यात जलपर्णी माजते. जानेवारीत तिच्यामुळे मुहम्मा-कुमरकोम किंवा कोट्टयम-अलेप्पी बोटी रखडतात का? शिवाय कालव्यावरचे उचलते पूल नादुरुस्त असले की बोट कोट्टयमच्या धक्क्याऐवजी कांजिरमहून सुटते म्हणतात. ज्यांनी अलीकडे हा प्रवास केला असेल त्यांनी कृपया सांगावे, म्हणजे रिक्षाचा वेळ धरून ठेवता येईल.

आईचे गुडघे दुखतात. तिला चालता येते, मात्र उंच पायरी चढताना आधार लागतो. धक्का आणि बोट यांत किती अंतर राहते, खलाशी हात देतात का, आणि अडीच तासांच्या प्रवासात प्रसाधनगृहाची सोय असते का, हे तिथे जाऊन कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

शेवटच्या चार रात्री कोल्लम शहरात काढाव्यात की अष्टमुडी तलावाच्या काठी मन्रो बेटावर, यावर आमच्यात एकमत नाही. मला बेटावरचे अरुंद कालवे हवे आहेत, तर आईला समुद्र आणि तंगश्शेरीचे दीपगृह जवळ हवे. बेटावर घरगुती निवासात राहिलेल्या कोणी शाकाहारी जेवण आणि रात्रीच्या डासांबद्दल मोकळेपणाने लिहिले तर हा वाद मिटेल. परतीची नेत्रावती कोल्लमहूनच आहे, त्यामुळे बेटावरून सकाळी स्थानक गाठणे कितपत खात्रीचे, हेही सांगावे.

हाउसबोटींचे पॅकेज कृपया सुचवू नये.