‘चंद्रप्रकाश परिणाम’ की ‘चांदण्याचा आभास’?

प्रश्न : भर उन्हात टिपलेल्या अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड छायाचित्राला एडिटिंग करून चांदण्या रात्रीचे रूप देतात. मराठी लेखात यास ‘चंद्रप्रकाश परिणाम’ म्हणावे काय? आणि अशा चित्राला ‘पिठूर चांदणे’ हे वर्णन शोभेल काय?

उत्तर : ‘परिणाम’ येथे नको. परिणाम हा कारणापाठोपाठ येतो आणि या चित्रात चंद्र हे कारणच नाही. आहे ते ऊन, आणि ते चांदणे भासवायचे आहे. म्हणून ‘चांदण्याचा आभास’ म्हणावे. ‘चंद्रप्रकाश’ भौतिकीच्या लेखात योग्यच, परंतु चांदणे ‘पडते’, आपण ‘चांदण्यात’ बसतो. उजेड आणि त्यात दिसणारा परिसर ही दोन्ही त्या एका शब्दात येतात, आणि छायाचित्रकाराला दोन्ही हवी असतात.

‘पिठूर’ मात्र विचारपूर्वक वापरावा. पानांतील हरितद्रव्य अवरक्त किरण फारसे शोषत नाही आणि पानांच्या आतील पेशींची रचना त्यांतले बरेचसे परत फेकते, त्यामुळे ७२० नॅनोमीटरच्या फिल्टरमधून, म्हणजे दृश्य प्रकाश बहुतांशी अडवून अवरक्त किरण आत सोडणाऱ्या काचेतून, झाडे पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी दिसतात. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये अशी छायाचित्रे प्रसिद्ध केली, म्हणून यास ‘वुड परिणाम’ म्हणतात. तेथे कारण खरोखरच भौतिक असल्यामुळे ‘परिणाम’ अगदी योग्य आहे. याच किरणांचे हवेत विकिरण कमी होत असल्याने निरभ्र आकाश काळवंडते. एवढ्यावर रात्र होत नाही, कारण लख्ख पांढरी झाडे हिमाच्छादित वाटतात. चित्र कृष्णधवल करून एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप उतरवावे (एक स्टॉप उतरवणे म्हणजे उजेड निम्मा करणे) आणि पानांची पांढरी झाक मध्यम करड्यापर्यंत आणावी. मग ‘पिठूर’ शोभेल.

प्रतिप्रश्न : अशा चित्रांना निळी छटा देतात. चांदणे निळे असते काय?

उत्तर : नसते. चांदणे हे चंद्रावरून परावर्तित झालेले ऊनच, आणि ते मूळ उन्हापेक्षा किंचित तांबूसच असते. मंद उजेडात मात्र डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींऐवजी अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींचे काम वाढते, आणि या दंडपेशी निळसर-हिरव्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असतात. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १९व्या शतकात नोंदवलेला दृष्टीचा हा बदल आहे. निळेपणा पाहणाऱ्याच्या दृष्टीत असल्यामुळे ‘आभास’ हा शब्द येथेही खरा ठरतो. छटा सावल्यांपुरती आणि फिकी ठेवावी, कारण चांदण्यात रंग जवळजवळ कळतच नाहीत. गडद निळे चित्र मला तरी रंगवलेल्या पडद्यासारखे वाटते.

पुरवणी : सावल्या मऊ करण्याचा सल्ला ऐकू नये. आकाशात सूर्य आणि चंद्र दोघेही सुमारे अर्धा अंश रुंद दिसतात, त्यामुळे उन्हातील सावलीची कडा चांदण्यातल्या सावलीइतकीच रेखीव असते, आणि दिवसाच्या चित्रातून रात्र भासवता येण्यामागे याचाही मोठा वाटा आहे. त्याचबरोबर आकाशात चांदण्यांचा सडा घालू नये. मराठीत ‘चांदणे’ आणि ‘चांदण्या’ हे शब्द जवळचे असले, तरी पौर्णिमेच्या आसपास अंधूक तारे लोपतात आणि ठळक तेवढेच उरतात.