मदत हवी आहे: सभासदांनी दिलेले प्रश्न तपासताना होणारे वाद कसे मिटवायचे?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, प्रश्नमंजुषा असते. प्रश्न सभासदच चिठ्ठीवर लिहून देतात आणि आम्ही तिघं ते तपासतो. यंदा तपासणीवरूनच इतकं वाजलंय, की दोन जुने सभासद यापुढे प्रश्न देणारच नाही म्हणतात. मला ते दोघंही हवे आहेत, म्हणून इथे विचारते.

साफ चुकलेल्या प्रश्नांवरून भांडण होत नाही. कुणी महाराष्ट्रात 35 जिल्हे लिहिले, तर 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला एवढं सांगितलं की विषय संपतो. अडतं ते एक शब्द कमी पडलेल्या प्रश्नांवर.

एका काकांचा प्रश्न होता, 'पहिला भारतीय चित्रपट कोणता?' उत्तर 'राजा हरिश्चंद्र'. आमच्यातल्या एकाने शेरा मारला, की तो लागला 3 मे 1913 ला आणि दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' त्याआधी, 18 मे 1912 ला. दोन्ही गिरगावच्या कोरोनेशनमध्येच. काका म्हणाले, पुंडलिक म्हणजे नाटकाचं चित्रीकरण, तो कसा धरायचा? 'पूर्ण लांबीचा कथापट' असं लिहिलं असतं तर प्रश्न सुटला असता. तपासणाऱ्याने नेमकं तेच लिहिलं, पण काकांना न विचारता. काका दुखावले. "माझ्या नावावर तुमचा प्रश्न कशाला?" शब्द योग्यच होता, तरी मला काकांचं म्हणणं पटतं.

'पहिली रेल्वे'चंही तेच. 16 एप्रिल 1853 ची बोरीबंदर-ठाणे ही पहिली प्रवासी गाडी. मद्रासकडे 1837 मध्येच दगड वाहणारी रेल्वे होती.

सगळ्यात अवघड गेला तो 'पहिली भारतीय स्त्री डॉक्टर'. आनंदीबाई जोशी 11 मार्च 1886 ला पदवीधर झाल्या, कलकत्त्यात कादंबिनी गांगुली त्याच वर्षी डॉक्टर झाल्या. आनंदीबाई 1887 च्या फेब्रुवारीत गेल्या, कादंबिनींनी पुढे कितीतरी वर्षं रुग्ण तपासले. आम्ही प्रश्न बाजूला ठेवला, तर पाठवणाऱ्या बाईंना तो आनंदीबाईंचा अपमान वाटला. त्यांची तळमळ खरी आहे, पण स्पर्धकाने कादंबिनी म्हटलं तर त्याचे गुण कोणत्या तोंडाने कापायचे?

त्यातून तपासणारे आम्ही तिघंही प्रश्न देतो, त्यामुळे 'स्वतःचे बरे पास होतात' असंही ऐकावं लागतं. तुमच्याकडे हे कसं करता? शब्द बदलायचा अधिकार कुणाचा? दोन पुस्तकांत दोन उत्तरं असली तर शेवटचा शब्द कुणाचा?

प्रतिसाद

ताई, आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात हे सगळं होऊन गेलंय. आता प्रश्नासोबत पुस्तकाचं नाव आणि पान लिहिल्याशिवाय चिठ्ठी घेतच नाही. निम्मे वाद तिथेच थांबतात, कारण पान शोधताना पाठवणाऱ्याला स्वतःलाच दुसरं उत्तर सापडतं. शब्द बदलायचा तर आधी फोन. नाही म्हणाले तर प्रश्न परत, बदलून वापरायचा नाही. तपासणाऱ्याचा प्रश्न बाकीचे दोघं बघतात, आणि तपासताना कुणाचंच नाव दिसू देत नाही. दोन पुस्तकं भांडत असतील तर दोन्ही उत्तरांना गुण द्या, नाहीतर प्रश्न फिरवा. त्या बाईंना सांगून बघा: 'आनंदीबाई जोशी कोणत्या शहरातल्या महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या?' फिलाडेल्फिया. आनंदीबाई राहतात आणि भांडायला जागा उरत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार, दादा. फिलाडेल्फियाचा प्रश्न घेऊन उद्याच त्या बाईंकडे जाते. काकांनाही फोन करते. एक अडचण मात्र आहे: नावं झाकली तरी आमच्याकडे सगळे एकमेकांचं अक्षर ओळखतात. तुम्ही चिठ्ठ्या आधी टाइप करून घेता का, आणि ते काम कुणाकडे देता?